न्हाव्याचं काम

मला कुणी शिकवलेलं आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवते. माळशिरस तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरची मी, सातवी पास. नवऱ्यानं टाकल्यावर सोलापुरात आले आणि दहा वर्षं एका दवाखान्याच्या थेटरात काढली. थेटर म्हणजे ऑपरेशनची खोली, नाटकाचं नाही. तिथं मी अपेंडिक्स बघितलं, हर्निया बघितला, कापलेले पाय बादलीत बघितले. डॉक्टरांनी "वच्छला, कात्री" म्हणायच्या आत कात्री त्यांच्या हातात असायची. त्यामुळं ऑपरेशनच्या आधी काय लागतं आणि काय नाही, हे मला दुसऱ्यानं सांगायला लागलं की माझं टाळकंच फिरतं. आणि त्या फिरलेल्या टाळक्यानंच पुढचा सगळा घोळ केला.

सत्तर सालानंतर मी भवानी पेठेत गुरुबसप्पा डॉक्टरांकडं लागले. ते कातडीचे डॉक्टर. खाली सुताचं दुकान, वर आमचा दवाखाना, आणि चहूबाजूंनी मागांची खटखट. डॉक्टरांनी मुंबईहून एक मशीन आणलं होतं. केसाच्या मुळाशी बारीक सुई घालायची, पायानं बटण दाबायचं, करंट जातो, मूळ जळतं आणि केस चिमट्यानं अलगद निघतो. एका वेळी एकच केस. परत आला तर परत सुई. असं वर्ष-दीड वर्ष चिकाटीनं केलं की मग तो जन्मात उगवत नाही. डॉक्टरांची नजर अधू, शिवाय बायकांना बाईचाच हात पाहिजे, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. हनुवटीवर चार केस असलेल्या पोरींना त्यांच्या आया तोंडावर पदर ओढून घेऊन यायच्या, जसा काही खूनच केलाय. बघायला पाहुणे यायच्या आत पोरगी साफ करून द्या म्हणायच्या. मी झापायची, "बाई, ही काय ज्वारी हाय व्हय निवडून द्यायला? वर्ष लागतं." राग आला की हे हाय-न्हाय माझ्या तोंडात परत येतं, एरवी दवाखान्यात राहून जीभ जरा सुधारलीय.

पंच्याहत्तर सालच्या चैत्रात मायाक्का आली. उंच, सावळी, तिशीच्या आतबाहेरची. अंगावर हिरवं इरकली लुगडं, कपाळाला भंडारा. जवळच एका पद्मशाली विणकराच्या घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, तिथंच पुढच्या खोलीत राहायची. तिनं पदर बाजूला केला आणि मी बघतच राहिले. गाल, हनुवटी, गळा, सगळीकडं राठ केस, आणि रोज चिमट्यानं उपटून उपटून कातडी सुजलेली.

"काही काही बायकांना असती की अशी लव," ती म्हणाली.

"असते. मी बघितलीय," मी म्हटलं. खरं म्हणजे एवढी बघितली नव्हती. पण बघितली नाही असं म्हणायचा माझा स्वभाव नाही.

तिसऱ्या खेपेला तिनं एक पत्र आणलं. मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरचं, इंग्रजीत. मायाक्का मॅट्रिकपर्यंत शिकलेली, तिला ते वाचता येत होतं. तरी तिनं ते गुरुबसप्पा डॉक्टरांच्या हातात दिलं आणि खाली बघत उभी राहिली. डॉक्टर मराठी करून मोठ्यानं वाचायला लागले. "ही व्यक्ती जन्मानं पुरुष, पण समजायला लागल्यापासून मनानं बाई. येत्या फेब्रुवारीत मी हिचं ऑपरेशन करून बाईचं अंग करून देणार आहे."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. दहा वर्षं थेटरात काढली, माझ्या हातून कधी सुईसुद्धा पडली नव्हती. मी डॉक्टरांकडं बघितलं, डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. असलं काही होऊ शकतं हेच मला ठाऊक नव्हतं. माणसाला आतून असं काही वाटू शकतं हेही नव्हतं, आणि त्यावर कुणी डॉक्टर तारीख देतो हे तर नव्हतंच नव्हतं.

"म्हणजे तू..." मी म्हटलं.

"व्हय बाई. आईबापानं नाव धुळा ठिवलं हुतं. मायाक्का माझं मी ठिवलं."

डॉक्टरांनी घसा खाकरला आणि पुढं वाचलं. "तोंडावरचे केस काढायचे की नाही ही तिची मर्जी. पण खालचे, ऑपरेशनच्या जागेवरचे, सगळे केस सुईनं कायमचे काढलेच पाहिजेत. तसं काम पूर्ण झाल्याचं तुमच्या दवाखान्याचं पत्र तिनं बरोबर आणावं. त्याशिवाय मी ऑपरेशन करणार नाही." एवढं वाचून ते "अय्यो शिवा" म्हणाले आणि पत्राची घडी घातली. "वच्छलाबाई, तुम्ही बघा," म्हणून हात धुवायला निघून गेले. पत्राशिवाय कशाला हातही लावला नव्हता, तरी धुवायला गेले.

आणि मला शिसारी आली. आता खोटं कशाला बोलू? थेटरात उघडी माणसं रोज बघायची, पण ती भूल दिलेली. आणि त्या जागेची तयारी करणं हे न्हाव्याचं काम. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी न्हावी यायचा, साबण लावून वस्तरा फिरवायचा आणि चहा पिऊन जायचा. अपेंडिक्सला तेच, हर्नियाला तेच. मला ते आठवलं आणि जीव भांड्यात पडला.

"हे बघ," मी म्हटलं, "मुंबईचे डॉक्टर कागदावर काय वाट्टेल ते लिहितात. खालचं न्हावी करतो. ऑपरेशनच्या दिवशी. पाच मिनिटांचं काम आहे, त्याला सुई कशाला? आपण तोंड करू."

"पण बाई, कायमचे काढा म्हनून लिवलंय."

"मला शिकवतीस व्हय गं? मी दहा वर्षं थेटरात हुते!"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी म्हनताय तर तसं." आणि टेबलावर पडून तिनं हनुवटी वर केली. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी डोक्यावरून अंघोळ केली. डॉक्टर आणि मी त्या विषयावर परत एक शब्द बोललो नाही. त्यांना वाटलं मी करतेय, मला वाटलं करायची गरजच नाही.

मग दहा महिने ती आठवड्यातनं तीनदा यायची. सुई टोचली की बायका "आई गं" करतात, रडतात, डॉक्टरांना नावं ठेवतात. मायाक्का हूं का चूं करायची नाही. मी डाव्या हातात तिची हनुवटी धरायची आणि उजव्या हातानं सुई चालवायची. आणि तोंड माझं चालूच. नवऱ्याच्या कागाळ्या, दुकानदाराच्या कागाळ्या, डॉक्टरांच्या बायकोच्या कागाळ्या. तिला हसू आलं की मी ओरडायची, "हलू नको, सुई डोळ्यात जाईल." कधी ती शेंगाची चटणी आणायची, कधी कडक भाकरी. एकदा माझ्या ब्लाऊजची उसवलेली बाही टेबलावर पडल्या पडल्या बघून म्हणाली, "बाई, ती काढून द्या जाताना, शिवून आनते." पहिले पंधरा दिवस मी तिला हात लावला की साबणानं हात धुवायची. मग कधी धुवायची बंद झाले ते मलाही कळलं नाही. खालच्या गोष्टीचा तिनं परत कधी विषय काढला नाही. मी तर कशाला काढू?

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत तिचं तोंड स्वच्छ झालं. खोटं सांगत नाही, अशी हनुवटी मी जन्मात केली नव्हती. जत्रेतनं तिनं मला बांगड्या आणल्या आणि तिथल्या आरशात स्वतःचं तोंड कसं बघितलं ते सांगितलं. बांगडीवाल्यानं "मावशी, हात हिकडं" म्हटलं म्हणून तिला रडू फुटलं होतं. ते ऐकून मलाही फुटलं, पण मी सर्दीचं निमित्त केलं.

जानेवारी संपताना मी मुंबईला द्यायची चिठ्ठी लिहिली. "आपल्या पत्रात सांगितल्याप्रमाणे काम पूर्ण झाले आहे." डॉक्टरांनी पेन उघडलं आणि विचारलं, "झालं ना सगळं?"

"झालं."

"सगळं म्हणजे, ते सुद्धा?"

"डॉक्टर, मी थेटरात काम केलेली बाई आहे," मी म्हटलं. त्यांनी मान खाली घालून सही केली. मायाक्कानं चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली आणि माझ्या पाया पडली.

ती सोमवारच्या गाडीनं निघणार होती. गुरुवारी भर दुपारी एक म्हातारी जिना चढून वर आली. काटक अंग, उन्हानं तांबारलेले डोळे, पायात जाड वहाणा, खांद्याला एक काळी पिशवी. "मी बाळाबाई. मायाक्काची आई," म्हणाली.

मेले, म्हटलं. आता ही माझ्या नावानं पेठ गोळा करणार, माझ्या पोराचं वाटोळं केलंस म्हणणार. मी आधी कात्र्यांचा ट्रे उचलून कपाटावर ठेवला. मग आपणच आवाज चढवला. "हे बघा, मी फक्त तोंडाचे केस काढलेत. बाकीचं मुंबईच्या डॉक्टरला विचारा. भांडायचं असलं तर तिकडं जा."

"भांडाया न्हाय आले, बाई. इचाराया आले." ती फरशीवर फतकल मारून बसली. "लेकरू पाच वर्साचं हुतं तवापास्नं माझं लुगडं गुंडाळून मेंढरामागं फिरायचं. बापानं मारलं, मामानं मारलं, मी बी मारलं. काय उपेग झाला न्हाय. बाहत्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, घरधनी गेला, तवा ह्याच लेकरानं हितं कांड्या भरून मला जगवलं. आता मी कुनाला लाजू?"

मी गपकन खुर्चीत बसले. एवढा वेळ मी स्वतःला मोठी सुधारलेली समजत होते. ही अंगठेबहाद्दर बाई मेंढरांमागं जन्म घालवून आलेली, आणि हिला सगळं माहीत, सगळं कबूल.

"काय विचारायचंय?" माझा आवाज आपोआप खाली आला.

"तिकडल्या डाक्टरनं तिला रबरी हातमोज्याचं बोट उलटं करून दावलं म्हनं. बाहीरची कातडी फेकायची न्हाय, अशी उलटी करून आत घ्यायची, तिचीच आतली जागा करायची. खरं का हे?"

मला हे माहीत नव्हतं. देवाशप्पथ माहीत नव्हतं. थेटरात मी जे बघितलं ते कापून बादलीत टाकलेलं. मला वाटलं होतं, इथंही कापायचं, टाकायचं, टाके घालायचे. पण माहीत नाही असं मी कधी म्हटलंय? "असंच असतं ते," मी म्हटलं.

"मग त्या कातडीवरच्या केसांचं काय करत्यात?"

"न्हावी येतो. वस्तऱ्यानं काढतो."

"मायाक्का बी हेच म्हनली. म्हनून तर आले." म्हातारीनं पिशवी खांद्यावरनं उतरवली. "बाई, तू कवा मेंढरू कातरलंयस?"

"नाही."

"आमी वर्सातनं दोनदा कातरतो. पार कातडीपातूर. परत येती का न्हाय लोकर?"

तिनं पिशवी पुढं ओढली. घोंगडीच्या तुकड्याची पिशवी ती, बाहेरनं राठ लोकर, आतनं मांजरपाटाचं अस्तर. तिनं त्यातली पानसुपारीची चंची आणि भाकरीचं फडकं काढून बाजूला ठेवलं, आत हात घातला आणि खस्सकन पिशवी उलटी केली. अस्तर बाहेर आलं, लोकर आत गेली. मग माझं मनगट धरून तिनं माझा हात त्या पिशवीत कोंबला.

"बघ. बाहीरची लव कुटं गेली?"

लोकर माझ्या बोटांना टोचली.

"आता ती आत वाढली तर कातरायचं कुनी? तुझा न्हावी आत जानार हाय व्हय?"

हात पिशवीत तसाच राहिला, काढायचं भान राहिलं नाही. कायमचे. तो शब्द डॉक्टरांनी वाचला होता, मायाक्कानं परत सांगितला होता, आणि मी दोघांनाही उडवून लावलं होतं. त्या पोरीच्या आत, जन्मभर, केस उगवणार होते. पू होणार, दुखणार, घाण वास येणार आणि ती ते कुणाला दाखवू शकणार नव्हती. आणि काम पूर्ण झालं अशी चिठ्ठी माझ्या अक्षरात लिहून मी तिला दिली होती.

"तू नुस्तं म्हन, न्हावी पुरं हाय," म्हातारी म्हणाली. "मी उठून जाती. तू शिकल्याली, मी अडानी. तुझ्या शब्दावर जाती."

सांगायला लाज वाटते, पण "पुरे" हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. सोमवारी मायाक्का गेली असती, ऑपरेशन झालं असतं, नंतर काय झालं हे विचारायला भवानी पेठेत कोण येणार होतं? डॉक्टरांसमोर माझी शोभा झाली नसती. म्हातारी वाट बघत बसली होती.

"न्हाय पुरत," मी म्हटलं. "मावशी, चुकलं माझं." नवऱ्याला कधी म्हटलं नाही, सासूला म्हटलं नाही, देवाला सुद्धा म्हटल्याचं आठवत नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं "मग आता?" म्हणाली.

"चिठ्ठी परत घ्यायला पाहिजे."

दवाखाना उघडा टाकून मी तिच्याबरोबर निघाले. मायाक्का खोलीत चरख्यापुढं बसून कांड्या भरत होती. ट्रंक बांधून भिंतीला लावलेली. आम्हा दोघींना एकत्र बघून ती काय समजायचं ते समजली. मी उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. न्हाव्याचं मी चुकीचं सांगितलं, वस्तरा चालत नाही, आत केस वाढतील, ऑपरेशन आत्ता करायचं नाही, चिठ्ठी दे. तिचा चरखा चालूच.

"न्हाय देनार," ती म्हणाली.

"अगं, तुला कळतंय का मी काय सांगतेय?"

"पैल्या दिसापास्नं कळतंय. हातमोजा डाक्टरनं मला दावला हुता, बाई. तुमाला न्हाय."

हिला माहीत होतं! दहा महिने ही टेबलावर पडून माझी बडबड ऐकत होती, हसत होती, चटणी आणत होती, आणि हिला सगळं माहीत होतं. माझं टाळकं असं फिरलं की चरख्याचं चाकच मी हातानं धरलं. "मग बोलली का न्हाईस? तोंडाला काय कुलूप घातलं हुतं?"

"बोलले की. एकदा." आता तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमचं तोंड बघितलं. चिमटा उचलून तुमी तो दोनदा धुतला. दुसऱ्यांदा इचारलं असतं तर उद्यापास्नं येऊ नको म्हनला असता. खरं का खोटं, तुमीच सांगा."

खरंच होतं.

"खालचं गेलं तर गेलं, तोंड तरी हुईल म्हनलं. हे तोंड घेऊन मला बाजारात जायाला लागतं. आनि माझी हनुवटी अशी हातात धरून, घरातल्यागत, कुनी माझ्याशी बोललं न्हवतं. तेवढं मला घालवायचं न्हवतं, बाई."

"म्हणून जन्मभर आत ते घेऊन राहणार हुतीस?"

"व्हय," ती म्हणाली. "डाक्टर मार्चात विलायतेला चाललाय. कायमचा. ही तारीख गेली की सपलं. केसांचं सोसंन मी. हे असलं अंग न्हाय सोसवत आता."

म्हातारीला यातलं काही माहीत नव्हतं. ती धपकन ट्रंकेवर बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. "आगं लेकरा, मला तरी सांगायचंस," म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मायाक्का जागची हलली नाही.

मला चिठ्ठी हिसकावता आली असती. पोस्टात जाऊन मुंबईला तार ठोकता आली असती, डॉक्टरांना सांगता आलं असतं. दुसरी कुणी असती तर तिच्या भल्यासाठी म्हणून मी ते केलंही असतं. पण त्या पोरीच्या अंगाबद्दल एकदा मी ठरवलं होतं, आणि त्याचं काय झालं ते समोर दिसत होतं.

"मी तार करणार नाही," मी म्हटलं. "चिठ्ठी तुझ्याजवळ ठेव. अंग तुझं आहे, जायचं तर जा. पण थांबलीस तर खालचं सगळं मी करीन. एक एक केस. तो डॉक्टर विलायतेला जावो नाहीतर आणखी कुठं जावो."

"तुमी?"

"मी."

मी चाक सोडलं आणि निघून आले. शुक्रवारी कुणी आलं नाही. शनिवारी नाही. रविवारी मला भाकरी गिळेना. सोमवारी सकाळी गाडीची वेळ झाली तेव्हा मी एका नवऱ्या मुलीच्या ओठावर सुई धरून बसले होते, आणि त्या मुलीला उगीच तीन वेळा ओरडले. मायाक्का दुपारी जेवायच्या वेळेला आली. ट्रंक नाही, आई नाही, एकटीच. पदराची गाठ सोडून चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. "मुंबईला पत्र टाकलंय," म्हणाली. "खरं काय ते लिवलंय." डोळे सुजले होते.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि दार लावून त्यांना सगळं सांगितलं. "मी पण विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाले. मग स्वतः उठून त्यांनी बाहेरच्या पेशंटांना संध्याकाळी या म्हणून सांगितलं.

मी पडदा ओढला. मायाक्कानं लुगडं सोडलं आणि टेबलावर पडली. डोळे मिटले नाहीत, माझ्याकडंच बघत राहिली. मी बघितलं. कातडी होती आणि केस होते. दुसरं काही नव्हतं तिथं. याला मी दहा महिने भ्याले, आणि त्या भीतीपायी हिची तारीख घालवली. मी सुई उचलली तर हात लटलट कापायला लागला.

"बाई, हात का कापतोय?"

"लाज वाटतेय," मी म्हटलं.

ती लगेच उठायला लागली, लुगडं अंगावर ओढून घ्यायला लागली. "माझी वाटत असंल तर ऱ्हाऊ द्या. मी जाती."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत आडवी केली. "तुझी न्हाय गं," म्हटलं. "माझी."

पंधरा दिवसांनी मुंबईचं उत्तर आलं. खरं सांगितलंत ते फार चांगलं केलंत, पण मी निघतोय, आणि इथं दुसरं कुणी हे ऑपरेशन करत असल्याचं मला माहीत नाही, असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी ते आम्हा दोघींना वाचून दाखवलं, या वेळी न अडखळता. मायाक्कानं ऐकून घेतलं, टेबलावर जाऊन पडली आणि म्हणाली, "चालू करा, बाई. कुनीतरी येईलच की. तवा आपली तयारी पायजे."

दीड वर्ष लागलं. सत्त्याहत्तरच्या श्रावणात शेवटचा केस निघाला, आणि पुढं दोन महिने मी भिंग घेऊन तपासत राहिले. परत एकही आला नाही. गुरुबसप्पा डॉक्टरांनी तोवर मुंबईला, पुण्याला, मद्रासला, जिथं जिथं नाव कळलं तिथं पत्रं टाकली होती. कुणी नाही म्हणालं, कुणी अशा माणसाला वेड्यांच्या डॉक्टरकडं न्या म्हणालं, बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी भिंग खाली ठेवलं आणि म्हटलं, "झालं गं. आता जन्मात यायचे नाहीत."

मायाक्का उठून बसली. निऱ्या नीट केल्या, पदर घेतला, आणि शाळेतल्या पोरीसारखी सरळ बसून माझ्याकडं बघून हसली.

"मग आता कुनाकडं जायाचं, बाई?"

मी तिच्या शेजारी टेबलावर बसले आणि तिचा हात धरून ठेवला.